जाड लोखंड म्हणजे मजबूत बंपर नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला सात-आठ जणांनी पाठवला. ‘कंपनीचा बंपर म्हणजे प्लास्टिकचं खोकं. भंगारातून 10 एमएमची प्लेट आणि चॅनेल उचला, सरळ चेसिसला वेल्ड मारा, वर हुक जोडा, दोन दिवसांत रणगाडा तयार. जितकं लोखंड जाड, तितका जीव सुरक्षित. आणि गाडी रानातच फिरवायची, तर आरटीओचा संबंध काय?’ सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे आणि असे बंपर मी स्वतः बनवतो. घरच्या घरी बंपर बनवायला माझा विरोध नाहीच. पण हा मजकूर वाचून कुणी पिकअपला हात घालणार असेल, तर त्याने आधी हे वाचावं.

सुरुवात जाडीपासून. 10 एमएमची प्लेट चौरस मीटरला साडेअठ्ठ्याहत्तर किलो भरते. पावणेदोन मीटर लांब आणि एक फूट उंच तुकडा घेतला की चाळीस किलो तिथेच झाले. चॅनेल, पाइपचा गार्ड, हुक धरून ऐंशी किलो सहज होतात. हे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं, म्हणून तरफेचा हिशेब लागतो. दोन्ही आसांमध्ये अडीच मीटर अंतर असेल आणि बंपर पुढच्या आसाच्या पाऊण मीटर पुढे असेल, तर ऐंशी किलोचा भार पुढच्या चाकांवर 104 किलो पडतो आणि मागची चाकं 24 किलोने हलकी होतात. स्प्रिंगा बसतात, स्टिअरिंग जड होतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसानंतर एकदा गाडी घालून बघा. त्या चिखलात आधी नाक रुततं आणि मोकळ्या पिकअपची मागची चाकं नुसती फिरत राहतात. म्हणजे ज्या रानासाठी बंपर बनवला, तिथेच तो गाडीला अडकवतो.

मजबुती जाडीपेक्षा घडीतून येते. सपाट कागद हातात वाकतो, त्याचीच पन्हळ केली की ताठ उभा राहतो. 4 एमएमचा पत्रा प्रेसवर वाकवून त्याची पेटी केली आणि आत आडव्या पट्ट्या दिल्या की काम भागतं. जाड प्लेट फक्त ब्रॅकेटला, म्हणजे बंपर गाडीला जोडणाऱ्या आधाराला लावायची, 8 एमएमची.

‘सरळ चेसिसला वेल्ड मारा.’ या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. चेसिस म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सगळी गाडी त्यावर उभी असते. गेल्या वर्षी एक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी कॅम्पर पिकअप माझ्याकडे आली. ओढ्याकाठी रुतली होती आणि ट्रॅक्टरला पट्टा बांधून बंपरच्या हुकातून ओढली होती. हुक ब्रॅकेटसकट तुटून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळला. ड्रायव्हर हातभर अंतराने वाचला. मी खाली झोपून बघितलं तर वेल्ड शाबूत होता. त्याच्या कडेने चेसिसची भिंतच पत्र्यासारखी फाटली होती. वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा गुण बदलतो आणि चीर तिथूनच धरते. चिखलात आसापर्यंत रुतलेली गाडी काढायला तिच्या वजनाइतकी, कधी त्याहून जास्त ओढ लागते. ती ओढ चेसिसनेच झेलायला हवी, बंपरच्या पत्र्याने नव्हे.

म्हणून ब्रॅकेट बोल्टने बसवा. चेसिसला कंपनीने पाडलेली भोकं असतात, शक्यतो तीच वापरा. बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा ताकदीचा आकडा कोरलेला बघूनच घ्या. चेसिस पेटीची असेल तर आतून पाइपचा तुकडा घालून त्यातून बोल्ट न्या, नाहीतर आवळताना भिंती आत दबतात आणि महिन्याभरात बोल्ट ढिला पडतो. ओढायचा हुक याच ब्रॅकेटवर, सरळ रेषेत. आणि बंपरचं पक्कं वेल्डिंग गाडीवर करू नका. गाडीवर वेल्डिंगचे नुसते ठिपक्यासारखे टाके मारून माप धरा, उतरवा आणि जमिनीवर पूर्ण करा. टाके मारतानाही बॅटरीच्या वायरी आधी काढा.

आता ‘जीव सुरक्षित’. प्लास्टिक हे नुसतं आवरण असतं. त्यामागे बीम असतो आणि बऱ्याच गाड्यांत धडकेत चेपण्यासाठीच केलेला भाग असतो. ताशी 50 किलोमीटरवरची गाडी अर्धा मीटर चेपत थांबली तर आतल्या माणसाला सरासरी 20 जीचा, म्हणजे त्याच्या वजनाच्या वीसपट झटका बसतो. तीच पाव मीटरात थांबली तर 40 जीचा. पुढचा भाग चेपूच दिला नाही, तर तो फरक छातीवर आणि मानेवर जातो. एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेबही कंपनीच्या मूळ पुढच्या भागावर बसवलेला असतो. आणि समोर गाडी नसून पोर किंवा सायकलवाला असेल, तर 10 एमएमच्या कडेने काय होईल हे मी लिहीत नाही.

भंगारातलं लोखंड वाईटच असतं असं नाही. पण गॅल्व्हनाइज्ड पाइपला वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो. लेप घासून काढा, दार उघडं ठेवा. आणि रेडिएटरसमोर जाळी मोकळी सोडा, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो.

आरटीओचा संबंध आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे. त्याचाच आधार घेऊन केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर, म्हणजे गाडीपुढे लावलेल्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. शेत आपलं असलं तरी शेतापर्यंतचा रस्ता सार्वजनिक असतो. वेल्ड मारलेला बंपर काढता येत नाही, बोल्टचा येतो. माझी गिऱ्हाइकं रस्त्यावर कंपनीचाच बंपर ठेवतात आणि रानात गेल्यावर दुसरा चढवतात. आठ बोल्ट, दोन माणसं, अर्धा तास.

त्या कॅम्परचा जुना बंपर काट्यावर 84 किलो भरला होता, नवा 34 भरला. सप्टेंबरच्या पावसात ती पुन्हा रुतली आणि ट्रॅक्टरने त्याच हुकातून बाहेर काढली. मी मुद्दाम जाऊन खाली झोपलो. आवळल्यावर प्रत्येक बोल्टवरून ब्रॅकेटपर्यंत मी पिवळ्या रंगाची रेघ मारून ठेवतो, बोल्ट फिरला की ती मोडते. आठही रेघा सरळ होत्या.