रेझिनला वास नाही म्हणून हातमोजे नकोत? त्या ‘आठ गुपितां’ना उत्तर

‘घरबसल्या रेझिन आर्ट, दुकानदार सांगणार नाही ती आठ गुपितं’ हा फॉरवर्ड बरेच दिवस सगळ्या ग्रुपांवर फिरतोय, मी बघून सोडून देत होते. (रेझिन आर्ट म्हणजे एपॉक्सी रेझिन आणि हार्डनर ही दोन द्रवं मिसळून साच्यात ओतायची, ती घट्ट होऊन काचेसारखी वस्तू होते.) पण परवा डिचोलीहून आत्याचा फोन, अगो, चवथीला मखराच्या बाजूला लावायला रेझिनची फुलं करणार आहे, म्हापशाला गेलीस तर एक सेट घेऊन ये, आणि हातमोजे वगैरे काही आणू नकोस, त्यात लिहिलंय खोबरेल लावलं की झालं. जिच्या हाताला भांड्यांच्या साबणानेसुद्धा खाज सुटते तिला हा सल्ला! मग म्हटलं लिहूनच टाकूया एकदाचं.

दुसरं गुपित आधी घेते, कारण डोकं त्यानेच फिरलं. फॉरवर्ड म्हणतो, ‘एपॉक्सीला वास नसतो, म्हणजे ते विषारी नाही. मास्क-हातमोजे ही कंपन्यांची विकायची युक्ती. हाताला खोबरेल चोळा आणि मुलांनाही सोबत बसवा.’

वास नाही म्हणजे विष नाही, हे कुठल्या शाळेत शिकवतात? कार्बन मोनॉक्साइडला कुठे वास असतो. एपॉक्सीची वाफ फारशी होत नाही म्हणून नाकाला कळत नाही एवढंच, त्याचा खरा त्रास कातडीतून होतो. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. तुम्ही जी बाटली विकत घेता तिचीच सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या मालाचे धोके सांगणारा कंपनीचा कागद, उघडा, बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळते, नसेल तर दुकानदाराकडे मागा. सोळा भाग असतात, सगळे वाचू नका, फक्त दुसरा भाग वाचा. नेहमीच्या, बिस्फेनॉल-ए या रसायनापासून केलेल्या रेझिनच्या बाटलीसाठी तिथे एच ३१५, एच ३१९ आणि एच ३१७ असे धोक्याचे कोड दिसतील. पहिले दोन कातडी आणि डोळ्यांची जळजळ. तिसरा, एच ३१७, म्हणजे कातडीला अ‍ॅलर्जी येऊ शकते. हार्डनरची शीट वेगळी असते, तीही बघा, अनेक हार्डनरवर एच ३१४ असतो, म्हणजे कातडी भाजते. आता मला सांगा, हातमोजे विकायचे म्हणून कंपनी स्वतःच्याच मालाबद्दल असं लिहून ठेवेल?

या अ‍ॅलर्जीची गंमत अशी की सुरुवातीला काहीच होत नाही. हाताला लागतं, पुसून टाकतो, दुसऱ्या दिवशी हात ठणठणीत, मग माणूस सांगत सुटतो की मला काय होत नाही बाबा. शरीर मात्र आतल्या आत ते ओळखून ठेवत असतं, आणि मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, एक दिवस बोटांच्या बेचक्यात पुरळ येतं, पापण्या सुजतात. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की सहसा जन्मभर सोबत राहते, औषधाने पुरळ बसतं, अ‍ॅलर्जी जात नाही. आमच्या ओळखीतली एक मुलगी नेमप्लेटच्या ऑर्डरी घ्यायची, हात सुंदर होता तिचा, आता नुसतं त्या खोलीत कुणी काम करत असेल तरी तिचे डोळे सुजून फट राहते. सगळं सामान देऊन टाकलं तिने. आणि मुलांना सोबत बसवा म्हणे!

खोबरेल हा कसलाही अडसर नाही. नायट्रिलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घ्या, चिकट झाले की बदला. कातडीला लागलंच तर आधी कागदाने पुसा, मग साबण-पाणी. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने हात पुसू नका, त्याने रेझिन पातळ होऊन उलट आणखी पसरतं. मास्कचं म्हणाल तर घट्ट झालेली वस्तू घासताना जी धूळ उडते तिच्यासाठी एन-९५ लागतोच, पण तो वाफेला अडवत नाही, त्यासाठी खिडक्या उघड्या हव्यात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तर अजिबात नको.

तिसरं गुपित: ‘पावसात रेझिन सुकत नसेल तर हार्डनर दुप्पट घाला.’ विरजण जास्त घातलं की दही लवकर लागतं ना, तोच हिशेब इथे लावलाय. पण विरजण दुधात वाढतं, हार्डनर वाढत नाही, तो जोडीने खर्च होतो. रेझिनच्या ठरावीक भागाला हार्डनरचा ठरावीक भाग लागतो, जास्त घातलात तर उरलेला तसाच आत पडून राहतो आणि तुमचं तोरण सहा महिन्यांनीही बोटाला चिकटतं. एखाद्या कपात बरंच मिश्रण एकत्र असेल तर आणखी मजा, ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते, कप तापतो, धूर येतो, प्लास्टिक वाकतं.

ही अफवा कुठून आली त्याचा मला अंदाज आहे, आणि इथे अर्धं खरं आहे हे नाइलाजाने कबूल करते. आपल्याकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करतात ते पॉलिएस्टर रेझिन, डोकं उठवणाऱ्या वासाचं, त्यात कॅटॅलिस्ट (क्रिया सुरू करणारं रसायन) थेंबांनी, साधारण एक-दोन टक्के पडतो आणि तो थोडा कमीजास्त करून वेग खरंच बदलता येतो. तिथलं कुणीतरी उचलून इथे चिकटवलं. एपॉक्सीत ते चालत नाही. बाटलीवर दोनास एक लिहिलं असेल तर दोनास एकच, आणि ते मापाने की वजनाने हेही वाचा, कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, मापाचं प्रमाण काट्यावर लावलं की चुकलंच.

पावसात खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंतीसुद्धा घामेजलेल्या असतात, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी जुळून वर मेणासारखा तेलकट थर येतो. लोकांना वाटतं सुकलंच नाही. सुकलेलं असतं, वरचा थर कोमट साबण-पाण्याने धुवायचा आणि मगच घासायचं. न धुता घासलं तर तोच थर सगळीकडे चोळला जातो.

आता पहिलं, साच्यांचं. ‘साचे विकत घेऊ नका, घरातली कुठलीही वस्तू साचा होते: पीओपी, हॉट ग्लू, करवंटी, सिलिकॉन सीलंट (फटी बुजवायचं ते).’ कुठलीही नाही हो. काच, स्टील, लाकूड यांना एपॉक्सी असं धरतं की फोडूनच काढावं लागतं. पीओपी सच्छिद्र, कोरडं करून, रंगाने बंद करून वर व्हॅसलीन लावलं तरी जिथे खाच आहे तिथे वस्तू अडकते. हॉट ग्लू रेझिनच्याच उष्णतेने मऊ पडतो.

सीलंटचं मात्र बरोबर आहे, ते मीही करते. हार्डवेअरमध्ये मिळणारं साधं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तेच. नुसतं जाड थापलं तर बाहेरून सुकतं, आत दिवसेंदिवस ओलं राहतं. म्हणून त्यात कॉर्नफ्लोअर मळायचं, कॉर्नफ्लोअरमधल्या ओलाव्याने ते आतूनही धरतं. मोज्यांना साबणाचं पाणी लावून गोळा करायचा आणि वस्तूवर आतून बाहेर दाबत जायचं म्हणजे हवा अडकत नाही. करवंटीवर करून बघा, आधी व्हॅसलीनचा पातळ हात, मग गोळा, तिचे तीन डोळे आणि शेंड्यांच्या रेघा अशा उमटतात की रेझिनच्या वाटीला हात लावल्यावरच कळतं खोटी आहे म्हणून. जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर मात्र थेट करू नका. त्या भोकांत सिलिकॉन शिरलं की निघत नाही, मोठी भोकं आधी मातीने बुजवून घ्यायची. आणि साच्याचा पोत तसाच उतरतो, चकचकीत वस्तू हवी तर मूळही चकचकीतच लागतं.

बाकीचं भराभर. ताजी अबोली किंवा झेंडू थेट ओतायचे, ‘कायम ताजे राहतात’? फुलात पाणी असतं, तपकिरी पडतात, कडेने बुडबुडे येतात. वहीत दाबून किंवा सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे दाणे) पूर्ण वाळवूनच घाला, रंग थोडा उतरणारच. कोस्टरवर उकळता चहा? घरगुती रेझिन साधारण पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, कपाचा गोल उमटेल. ‘कधीच पिवळं पडत नाही’ हे तर बाल्कांवात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, एक उन्हाळा नेमप्लेट लावून बघा. किनाऱ्यावरची पोवळी आणि वाळलेले समुद्रघोडे साच्यात घालायची आयडिया ज्याने काढली त्याने १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचावा, दोन्ही संरक्षित आहेत, विकायला ठेवलंत तर वनखातं दारात येईल.

शेवटचं आठवं, ‘उरलेलं रेझिन बेसिनमध्ये ओता, वरून गरम पाणी सोडा.’ उष्णतेने रेझिन लवकर घट्ट होतं, म्हणजे तुम्ही स्वतःच्या पायपात दगड ओतताय. पुन्हा तीच शीट, तोच दुसरा भाग: एच ४११, पाण्यातल्या जिवांना विषारी आणि दीर्घकाळ परिणाम. आपल्या घरांचं सांडपाणी सोकपिटात (शोषखड्ड्यात) जातं, आणि विहीरही त्याच आवारात. उरलेलं कपातच राहू द्या, दगडासारखं झालं की मग सुक्या कचऱ्यात. न मिसळलेली बाटली मात्र कचऱ्यातही नाही आणि पाण्यातही नाही, पंचायतीच्या कचरा गोळा करणाऱ्याला वेगळी करून द्या, आत काय आहे ते वर लिहून.