हिरवळीवरचं कच्चं लिंबू

सोमवार, सकाळचे साडेनऊ. मीटिंगला आम्ही आठ जण. त्यातला एक रिलीजपायी रात्री दोनपर्यंत जागलेला, डोळे तांबारलेले. आणि आमचे साहेब सांगतायत काय, तर शनिवारी गोल्फ खेळताना सातव्या होलला त्यांचा चेंडू बंकरच्या काठावरून कसा 'जस्ट' आत घरंगळला. अहो, घरंगळला तर घरंगळला! वाळूतच गेला ना? खडकवासल्यात तर नाही ना बुडाला?

हा माणूस दोन वर्षांपूर्वीपर्यंत धडधाकट होता. गुरुवारी आमच्याबरोबर बॅडमिंटन खेळायचा, हरला की वडापाव द्यायचा. मग प्रमोशन झालं आणि गोल्फ लागलं. लागलं म्हणजे खरूज लागते तसं. आता लिफ्टमध्येसुद्धा दोन्ही हात जोडून, गुडघे वाकवून, कंबर फिरवून हवेत फटके मारतात. परवा माझा डबा थोडक्यात वाचला. आमटी होती त्यात.

खरा संताप वेगळाच आहे. ज्या ज्या गोष्टींसाठी आम्ही लहानपणी मार खाल्ला, त्या सगळ्या हे लोक लाखांची मेंबरशिप भरून करतात आणि वर त्याला इंग्रजी नावं देतात. जमिनीत भोक पाडून त्यात गोल वस्तू ढकलणे, याला आमच्या वाड्यात गोट्या म्हणायचे आणि त्या भोकाला गल. आमची गल टाचेने गिरकी घेऊन पडायची. यांची म्हणे बरोबर 4.25 इंच व्यासाची लागते. फटका चुकला की 'हा धरू नका, परत मारतो', याला मुलिगन म्हणतात. आमच्याकडे याला रडीचा डाव म्हणायचे, आणि तो करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खेळायला घेत नसत. आणि हँडिकॅप! तुम्ही कच्चे आहात म्हणून तुमच्या हिशोबातून काही फटके रीतसर वजा. म्हणजे कच्चं लिंबू! पंचेचाळीस वर्षांचा, दोन गाड्या असलेला घोडा, चारचौघांत छाती फुगवून सांगतो की माझा हँडिकॅप चोवीस आहे. आमच्या गल्लीतलं पाच वर्षांचं कार्टंसुद्धा 'मी कच्चं लिंबू नाहीये' म्हणून भोकाड पसरायचं. ठरल्यापेक्षा कमी फटक्यांत चेंडू भोकात घालून बर्डी, ईगल, अल्बट्रॉस म्हटलं की क्लास, आणि वकट, लेंड, मुंड, नाल म्हटलं की गावठी. का? विटीदांडूत निदान दुपारभर पळावं लागतं, आणि विटी डोळ्यात जायची भीती असते.

तर गेल्या महिन्यात सर म्हणाले, "शनिवारी ये रे माझ्याबरोबर. गोल्फवर नेटवर्किंग छान होतं." अप्रेझल तोंडावर. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? पहाटे पाचला उठलो. गेटवर कळलं की माझा टी-शर्ट बिनकॉलरचा आहे, चालणार नाही. सरांनी गाडीतून त्यांचा एक जुना काढून दिला. गुलाबी. माझ्यासारखे दोघे मावतील असा.

आत गेलो आणि आधी डोकंच फिरलं. आमच्या सोसायटीत मार्चपासून पाणी दिवसाला एक तास, टँकरच्या पैशांवरून मीटिंगमध्ये हाणामाऱ्या व्हायची वेळ. आणि इथे सकाळी साडेसहाला कारंजी थुईथुई नाचतायत. सांडपाणी शुद्ध करून वापरतात, असं सरांनी लगेच सांगितलं. असेल. पण बादली घेऊन नळाखाली बसणाऱ्या माणसाला ती हिरवळ बघून जे वाटतं, ते शुद्ध होत नाही.

आणि याला खेळ म्हणायचं! बॅगेत नियमाने 14 काठ्या चालतात, त्या चौदाच्या चौदा उचलतो कॅडी. चेंडू शोधतो कॅडी. कुठली काठी घ्यायची, वारा कुठला, हेही सांगतो कॅडी. साहेब फक्त चुकतात. आमचा कॅडी साठीचा, काटक माणूस. मी जरा बाजूला, झाडाखाली उभा राहिलो तर हळूच म्हणाला, "साहेब, तिथं नका थांबू. ह्यांचा बॉल तिकडंच येतो." आणि आला की हो! तो शोधायला नियमाने 3 मिनिटं मिळतात. सरांनी पंचवीस घेतली. मी गुलाबी झग्यात बाभळीखाली ओणवा, नेटवर्किंग करत होतो.

शेवटी चेंडू भोकात गेला एकदाचा. सर वळून म्हणाले, "किती झाले रे? सहा ना?" मी मोजले होते. अकरा. कॅडी आभाळात पाहत होता, अगदी घार दिसल्यासारखा. मी म्हणालो, "सहाच सर." तेव्हा मला कळलं नेटवर्किंग म्हणजे काय.

ही थापेबाजी या खेळाच्या मातीतच आहे. मातीतच कशाला, चंद्रावरसुद्धा! 1971 साली अपोलो 14 मधून गेलेल्या अॅलन शेपर्डने तिथे गोल्फचे चेंडू मारले आणि 'मैलोन् मैल' गेला म्हणून जाहीर केलं. पन्नास वर्षांनी जुन्या फोटोंवरून कुणीतरी मोजलं, तर चांगला बसलेला फटका जेमतेम 40 यार्ड. चंद्रावर! जिथे गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश! स्कॉटलंडवाले पूर्वी शहाणे होते. 1457 साली त्यांच्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली होती, कारण माणसं तिरंदाजीचा सराव सोडून हेच करत बसायची. आमचीही डेडलाइन त्याच कारणाने बोंबलते, पण आमच्याकडे कुठलं आलंय पार्लमेंट?

जे खरंच खेळतात त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, बरं का. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हा नियम कळत नसतानाही मी टीव्हीसमोर नखं खाल्ली होती. एस. एस. पी. चौरसिया तर कोलकात्याच्या क्लबात हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा, तिथेच खेळून मोठा झाला, 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. सरांना विचारलं, माहीत आहे का? म्हणाले, "कुठल्या कंपनीत असतो?"

अप्रेझल झालं. चार टक्के. सर मनाला लावून घेऊ नकोस म्हणाले, आणि आठवण म्हणून त्यांचा जुना गोल्फचा हातमोजा दिला. एकच. हे लोक एकाच हातात घालतात. घरी आणला, आई आता सुरण चिरताना घालते.

येत्या शनिवारी पुन्हा बोलावलंय. कॉलरवाला शर्ट मात्र माझा मी घ्यायचा आहे.