मॅक्रो चलांच्या हाती कारभार

सॅस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधला आपला प्रोग्रॅम कोणालाही सहज कळतो, ही ज्यांची खंत आहे, त्यांनी प्रोग्रॅममधले सगळे निर्णय मॅक्रो चलांवर सोपवावेत. मॅक्रो चलात संख्या नसते, तारीख नसते, असतो तो निव्वळ मजकूर, आणि तो मजकूर डेटा स्टेप (डेटा ओळीओळीने हाताळणारा प्रोग्रॅमचा भाग) चालू होण्याआधीच जागच्या जागी भरला जातो. पण असल्या क्षुल्लक तपशिलांत आपण पडू नये.

समजा, साठीपुढचे रुग्ण वेगळे काढायचे आहेत. साधे ‘इफ’ नवशिक्यांना सोडून द्यावे आणि टक्क्याचे चिन्ह लावलेल्या ‘इफ’ने ‘एज’ (वय) या स्तंभाची ६० शी तुलना करावी. असा ‘इफ’ वाचणाऱ्या मॅक्रो प्रोसेसरला तुमचा डेटा दिसतच नाही. तो ‘एज’ हा शब्द आणि ‘६०’ हा मजकूर तेवढा ताडून पाहतो, आणि अस्की या चिन्हांच्या संगणकी क्रमवारीत अक्षरे अंकांनंतर येत असल्यामुळे अट कायम खरी ठरते. (ईबीसीडिक ही दुसरी क्रमवारी वापरणाऱ्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, हा क्रम उलटा असल्याने ती कायम खोटी ठरते, म्हणजे निदान सातत्य तरी दोन्हीकडे आहे.) तान्ही बाळे ज्येष्ठांच्या गटात जाऊन बसतात, लॉगमध्ये, म्हणजे सॅसच्या नोंदवहीत, एकही एरर उमटत नाही आणि नमुना कसा भरघोस दिसतो.

दशांश आला तर बहारच. १०.५ हे ९ पेक्षा मोठे आहे का, असे त्याच ‘इफ’ला विचारा, तो नाही म्हणतो, कारण त्याला फक्त पूर्णांक कळतात आणि बाकी सारे तो अक्षर म्हणून वाचतो. ‘सिसइव्हॅलएफ’ नावाचे फंक्शन यासाठीच आहे, पण त्याने मजा जाते.

‘कॉल सिमपुटएक्स’ने मॅक्रो चलात साठवलेली सरासरी त्याच डेटा स्टेपमध्ये अँपरसँड (&) लावून वापरावी; अँपरसँडच्या जागी मजकूर आधीच भरलेला असल्याने नवी सरासरी तिथे पोहोचतच नाही. त्या नावाचे जुने मूल्य सत्रात पडलेले असेल, तर तेच निमूटपणे लागू होते आणि एका डेटासेटच्या सरासरीवर दुसऱ्याचे निकाल लागतात.

चलात काय भरले गेले आणि अट कशी ठरली हे लॉगमध्ये दाखवणारे ‘सिम्बॉलजेन’ आणि ‘एमलॉजिक’ हे ऑप्शन अर्थातच बंद ठेवावेत.

शेवटी, ‘आय’ हा मोजणीचा चल चुकूनही लोकल, म्हणजे त्या मॅक्रोपुरता, घोषित करू नये. बाहेरच्या मॅक्रोचे लूप १ ते १० आणि त्यातून बोलावलेल्या मॅक्रोचे १ ते ५ असेल, तर आतले संपताना ‘आय’ ६ होतो, बाहेरचे त्याचा ७ करते, आणि आतले पुन्हा त्याला ६ वर आणून ठेवते. हे असे अखंड चालू राहिले, की सर्व्हर फार मंद झाल्याची लेखी तक्रार करावी.