‘सही घ्यायची युक्ती’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘संशोधन हे डॉक्टरांचं काम. रुग्णाला नि घरच्यांना त्याचं प्रशिक्षण देणं ही गोड बोलून सही घ्यायची युक्ती. अडाण्याला त्यातलं काही कळत नाही आणि ज्याला कळतं तो निकाल बिघडवतो.’ शेवटचं अर्धवाक्य तेवढं विचार करण्याजोगं आहे. बाकीचं आधी निपटू.

‘डॉक्टरांचं काम’ हे कायद्यालाच मान्य नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांचे २०१९ चे नियम म्हणतात, चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात जण हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत आणि एक सामान्य व्यक्ती हवीच. ती बैठकीला नसेल तर गणपूर्ती होत नाही. पण त्या खुर्चीवरच्या माणसाला चाचणीचा आराखडा वाचता आला नाही, तर तो नुसती मान डोलावणार.

‘सही घ्यायची युक्ती’ तर उलटीच गोष्ट. सही घ्यायला प्रशिक्षण लागत नाही, घाई पुरते. ओपीडीत रांग, चष्मा घरी राहिलेला, संमतीचं पत्रक आठ पानी. सही आपोआप होते. शिकलेला माणूस तिथे अडतो आणि विचारतो: सीटीआरआयचा (देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक काय? पत्रकाची प्रत मला मिळणार ना? मध्येच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? इजा झाली तर खर्च कुणाचा? (इजा चाचणीमुळे नाही असं सिद्ध होईपर्यंत गरजेचे उपचार फुकट, हे नियमांतच आहे.) घरच्यांना शिकवायची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. चाचणी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात चालू असते आणि रुग्णाला रात्री म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात भरती करावं लागतं. तिथल्या डॉक्टरांना चाचणीचा पत्ता नसतो. गंभीर घटना २४ तासांत कळवायचं बंधन संशोधकावर आहे, पण त्याला कळणार कसं? म्हणून सहभागाचं कार्ड आधारकार्डाबरोबर ठेवायचं, भरती करतानाच दाखवायचं आणि त्यावरच्या नंबरला त्याच रात्री फोन करायचा.

‘अडाण्याला कळत नाही.’ कळलं की नाही ते तपासता येतं. कुणाला कुठलं औषध ते गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरतात हे समजावून झाल्यावर विचारायचं, ‘तुम्हांला कुठली गोळी मिळणार?’ ‘डॉक्टर मला सोसेल ती देतील’ असं उत्तर आलं तर पुन्हा पहिल्यापासून. ‘ते आधी कुणीच सांगू शकत नाही’ असं आलं तर समजलं. चुकीचं उत्तर पदवीधरही देतात. पिशवीतून दोन रंगांची बटणं न बघता काढायला लावली की मुद्दा लवकर उतरतो. पत्रक मराठीत आणि बोलणं कोंकणीत, हेही इथे बऱ्याच घरांत लागतं. आणि गोव्याला हे नवं नाही: २०१७ मध्ये निकाल आलेल्या एका चाचणीत इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना समुपदेशन दिलं ते मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक माणसांनी. ती माणसं स्वतः रुग्ण नव्हती हे खरं, पण मेसेजातल्या ‘कळत नाही’ला एवढं पुरे.

आता ‘निकाल बिघडवतो’. हा धोका खराच आहे. नवं औषध लागू पडतंय असं वाटलं की आई मुलाचे फिटचे झटके कमी मोजते. यावर उपाय म्हणजे गट कुठला ते तिला न कळू देणं, निकाल तपासायला वेगळा माणूस ठेवणं, आणि आराखडा ठरवायला बसलेल्या रुग्णाला त्याच चाचणीत सहभागी म्हणून न घेणं. मात्र अज्ञानानं निकाल जास्त बिघडतो. घरी रक्तदाब मोजताना पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहायचे. न शिकवलेल्या घरी १३७ चे १४० होतात आणि आठवड्याची वही तपासणीच्या आदल्या रात्री एका पेनानं भरली जाते. २००२ च्या एका अभ्यासात जुनाट वेदनेच्या रुग्णांच्या कागदी वह्यांत, त्या कधी उघडल्या ते टिपणारं यंत्र लपवलं होतं. वेळेवर नोंदी रुग्णांच्या म्हणण्यानुसार ९० टक्के, यंत्रानुसार ११. म्हणून पहिल्याच दिवशी शिकवायचं: नोंद चुकली तर जागा कोरी सोडा, मागाहून भरू नका.

शिवाय काय मोजायचं हेच रुग्णाला ठाऊक असतं. आमवाताच्या चाचण्यांत डॉक्टर सूज आणि दुखरे सांधे मोजत. मोजमापं ठरवणाऱ्या ओमेरॅक्ट परिषदेत २००२ मध्ये रुग्ण बसले, त्यांनी थकवा पुढे आणला, आणि २००७ मध्ये तो मोजायची शिफारस प्रसिद्ध झाली. आपल्याकडे मधुमेहाच्या आहार-फॉर्मवर ‘पोळ्या किती?’ असा प्रश्न असला, तर एकाला घरची पोळी आठवते, दुसऱ्याला पोदेराची, म्हणजे पाववाल्याची. आणि अकराच्या पेजेला रकानाच नसतो. छापण्याआधी पाच रुग्णांना फॉर्म दाखवला तर हे अर्ध्या तासात निघतं.

मेसेज लिहिणाऱ्याचा राग जिथे रास्त आहे ती जागा वेगळी: दोन तासांचं इंग्रजी भाषण, चहा, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. वाळपईहून येणाऱ्याचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी द्यायची नाही, तारीख गणेश चवथीच्या आठवड्यात ठेवायची, आणि मग ‘लोक येत नाहीत’ म्हणायचं. असल्या कार्यक्रमाला तो प्रशिक्षण म्हणत असेल, तर त्याच्याशी आमचं भांडण नाही.