जेनर्सचा आतला चौक राहून गेला
एडिंबरोच्या जेनर्स या जुन्या, भव्य डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीवरचा लेख आवडला, पण तो दर्शनी भिंतीपाशीच थांबला. आणि त्या भिंतीवरच्या दगडी स्त्रिया म्हणजे नुसती सजावट नव्हे! १८९२च्या आगीत जुनं दुकान जळालं, विल्यम हॅमिल्टन बीटी यांनी रचलेली नवी इमारत १८९५ला उघडली. हा धंदा बायकांमुळे भरभराटीला आला हे दिसावं, म्हणून स्त्रीमूर्ती हव्यातच, हा दुकानाचे संस्थापक चार्ल्स जेनर यांचा आग्रह. ते १८९३लाच गेले, फार हळहळ वाटते. आत सज्ज्यांनी वेढलेला, छतातून उजेड झिरपणारा उंच चौक आहे. माझ्या मते इमारतीचा जीव तिथेच आहे. २०२३च्या आगीनंतर नूतनीकरणात काहीही बदला, तो चौक मात्र सर्वांसाठी खुला ठेवा.