घाण वेगळी काढा, लॉग बंद करू नका

आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "सर्व्हरच्या लॉगमध्ये डब्ल्यूपी-लॉगिन किंवा डॉट ईएनव्ही दिसलं की समजा साइट हॅक झाली. परदेशी आयपी ब्लॉक करा, लॉग बंद करा, डोक्याला ताप नाही." लॉग म्हणजे साइटवर कुठून कोण आलं, काय मागितलं याची सर्व्हरने ठेवलेली नोंद. डब्ल्यूपी-लॉगिन हे वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं लॉगिनचं पान, डॉट ईएनव्ही ही पासवर्ड वगैरे ठेवायची फाइल, आणि आयपी म्हणजे इंटरनेटवरच्या मशीनचा पत्ता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कंपनीची तूर-सोयाबीनच्या भावाची साइट मी सांभाळतो. ओळखीच्या दोघांनी हे वाचून खरंच लॉग बंद केले, म्हणून लिहितोय.

आधी 'हॅक झाली' हे. आयपीव्ही4 या प्रकारचे एकूण आयपी पत्ते सुमारे 429 कोटी. झेडमॅप या साधनाने 2013 मध्येच एका मशीनवरून, एका पोर्टपुरते (पोर्ट म्हणजे मशीनचं एक दार), ते सारे 45 मिनिटांच्या आत तपासून दाखवले होते. शिवाय साइटच्या सुरक्षित जोडणीसाठी एसएसएल सर्टिफिकेट काढलं की डोमेनचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं, ते वाचूनही बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, येतात. तुमच्यावर कोणाचा डोळा आहे असं नाही, ते सगळ्यांचीच दारं ढकलून बघतात. आपल्याकडे रोही आणि रानडुकरं रात्री धुऱ्यावरून जातात. जागलीवरचा माणूस सकाळी एवढंच बघतो की ठसे कुंपणाबाहेर आहेत की वावरात. लॉगमध्ये ते स्टेटस कोड, म्हणजे सर्व्हरने दिलेल्या उत्तराचा आकडा, सांगतो. माझ्याकडे डॉट ईएनव्हीच्या प्रत्येक ओळीपुढे 404 आहे, म्हणजे फाइल मिळालीच नाही. तिथे 200, म्हणजे मागितलेलं दिलं, असा आकडा दिसला तर हातातलं काम सोडून त्या उत्तराचा आकार बघा. काही साइट कुठल्याही पत्त्याला मुखपृष्ठच देतात, मग आकार मुखपृष्ठाएवढाच निघतो. तसं नसेल आणि फाइल खरंच गेली असेल, तर तिच्यातले सगळे पासवर्ड त्याच दिवशी बदला.

परदेशी आयपीचं म्हणाल, तर बॉट मुंबईतल्या भाड्याच्या क्लाउड मशीनवरूनही येतात. फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा 2020 पासून डोमेनची पडताळणी एकापेक्षा जास्त ठिकाणांहून करते. बाहेरचं सगळं अडवलं तर सर्टिफिकेटचं नूतनीकरण अडकू शकतं. सर्टिफिकेट 90 दिवसांचं असेल, तर चूक कळते ती कित्येक आठवड्यांनी, ऐन तुरीच्या हंगामात. एकेक आयपी अडवतानाही जपून, कारण मोबाइल नेटवर एका आयपीमागे शेकडो गिऱ्हाइकं असू शकतात. त्यात आपलेच सभासद निघायचे.

लॉग बंद करणं तर सर्वांत घातक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग 180 दिवस जपून ठेवायचे आहेत, आणि उत्पादक कंपनी ही कंपनीच आहे. त्रास देणारे आयपी आपोआप अडवणारा फेल2बॅन हा प्रोग्रामसुद्धा लॉग वाचूनच अडवतो. लॉग नाही तर तो आंधळा.

कचऱ्याचा त्रास मात्र खरा आहे. त्यात खऱ्या भेटी सापडत नाहीत. मी एनजिनएक्समध्ये, म्हणजे साइट चालवणाऱ्या सर्व्हर प्रोग्राममध्ये, दोन गोष्टी केल्या. आपलं डोमेन न सांगता नुसत्या आयपीवर येणाऱ्याला डीफॉल्ट सर्व्हरवर 444, म्हणजे उत्तर न देता कनेक्शन तोडणं. आणि 'मॅप' हा ओळी छाटायचा नियम लावून डब्ल्यूपी-लॉगिन, डॉट ईएनव्ही, पीएचपीमायअॅडमिन (डेटाबेस सांभाळायचं पान) असल्या ओळी वेगळ्या फाइलीत. आमच्या साइटवर वर्डप्रेस नाही, म्हणून हे चालतं. तुमच्याकडे असेल तर लॉगिनची ओळ मुख्य लॉगमध्येच राहू द्या. आता मुख्य लॉगमध्ये सभासदांनी बघितलेले भाव दिसतात, आणि दुसऱ्या फाइलीत मी रोज सकाळी फक्त 200 शोधतो.