बर्लिनची रेकी, मधलं हॉटेल आणि भाड्याची गाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी उठून पुन्हा वाचली. नाव दिलेलं नाहीत, म्हणून नुसतं ‘तुम्ही’च म्हणते. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं की बर्लिनला बिऱ्हाड हलवण्याआधी आठ-दहा दिवस बघायला जाल, तेव्हा मध्यवर्ती हॉटेलात उतरू नका. ज्या भागात घर घ्यायचा विचार आहे तिथेच स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. गाडी भाड्याने घेऊ नका, ट्रेन, ट्राम आणि बसने फिरा. तुम्ही ते मनावर घेतलंत. विमान रात्री साडेदहाला उतरलं. विमानतळावरून येताना ट्रेनमध्ये तपासनीसाने पकडलं, तिकीट चुकीच्या झोनचं निघालं आणि ६० युरो दंड भरावा लागला. अपार्टमेंटच्या दारात पोहोचलात तर किल्लीच्या पेटीचा कोड लागेना, मालक फोन उचलेना. सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई तासभर थंडीत उभ्या. नऊ दिवसांत जेमतेम चार वस्त्या बघून झाल्या. गाडी असती तर दोन दिवसांत दहा झाल्या असत्या. शेवटी तुम्ही लिहिलंय, की हा सल्ला एकट्यादुकट्या तरुण माणसांसाठी ठीक आहे, कुटुंब घेऊन जाणाऱ्यांसाठी नाही. त्यांनी सारखे मुक्काम न बदलता सगळे दिवस मध्यवर्ती हॉटेलातच राहावं.

पहिल्या दोन गोष्टींत चूक माझी आहे. सासूबाईंना माझ्या वतीने माफी सांगा.

तिकिटाचं असं आहे. बर्लिनचे भाड्याचे तीन झोन आहेत. शहराला गोल वळसा घालणारी रिंगबान ही लोकल, साधारण ३७ किलोमीटरची, तिच्या आतला भाग ए. तिथून शहराच्या हद्दीपर्यंत बी. हद्दीबाहेरचा पट्टा सी, आणि विमानतळ त्या सी मध्ये येतो. म्हणजे उतरल्यावर पहिलं तिकीट एबीसी असंच हवं. ते कागदी असेल तर गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. स्टेशनवर कुठेही फाटक नाही, कुणी अडवत नाही. त्यामुळे नव्या माणसाला आपलं काही चुकलंय हे तपासनीस समोर उभा राहीपर्यंत कळतच नाही. मी ‘तिकीट काढा आणि बसा’ एवढंच लिहून पुढे गेले होते, कारण मला स्वतःला ते आता अंगवळणी पडलंय. तुमचे ६० युरो त्या एका वाक्यात गेले. जुन्या लेखात आजच दुरुस्ती केली.

किल्लीचं त्याहून वाईट वाटलं. रात्री उशिरा उतरणाऱ्या, सोबत लहान मूल आणि वडीलधारं माणूस असलेल्या कुटुंबाने पहिली रात्र चोवीस तास रिसेप्शन असलेल्या हॉटेलातच काढावी, हे मी ठळक लिहायला हवं होतं. आम्ही स्वतः तसंच केलं होतं, पहिले दोन दिवस मुख्य स्टेशनजवळच्या हॉटेलात होतो. लेख लिहिताना ते दोन दिवस मी वगळले, कारण त्यांतून सांगण्यासारखं काही मिळालं नव्हतं. वाचणाऱ्याने मात्र तेच दोन दिवस वगळले, तर त्याची काय गत होते ते तुम्ही भोगलंत.

एक रात्र ठीक, दोन ठीक. पण पूर्ण मुक्काम मध्यवर्ती हॉटेलात करावा हे तुमचं म्हणणं मला अजूनही पटत नाही, आणि ते का पटत नाही हे आमच्याच फेरीवरून सांगते.

नवऱ्याचं ऑफिस आडलर्सहोफला, शहराच्या आग्नेय टोकाला. आम्ही मनात धरलं होतं श्पांडाउ, अगदी पश्चिमेचं टोक. रविवारी दुपारी गेलो होतो. हाफेल नदी, जुना किल्ला, दगडी फरसबंदीचे गल्लीबोळ, ऊन पडलेलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची, कबुतरांमागे पळत होती. हॉटेलात परत येईपर्यंत आमचं ठरून गेलं होतं. त्या दिवशी कुणी करारनामा पुढे केला असता, तर मी सही केली असती.

तिसऱ्या दिवशी श्पांडाउमधल्याच अपार्टमेंटमध्ये सामान हलवलं आणि मंगळवारी ऑफिसला जाण्याची रंगीत तालीम केली. सकाळी सव्वासातला निघालो, मुलीला बाबागाडीत घालून, कारण पुढे तिला पाळणाघरात सोडूनच जायचं असणार होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जुन्या इमारतींत ती बहुतेक नसतेच. स्टेशनची लिफ्ट बंद, दारावर कागद चिकटवलेला. जिन्याच्या पायथ्याशी मी बाबागाडी धरून उभी, तेवढ्यात एक बाई आली. काही न विचारता तिने पुढची चाकं उचलली, वर नेऊन ठेवली आणि मी आभार मानेपर्यंत गर्दीत दिसेनाशी झाली. गाडीत उभं राहायला जागा होती, बाबागाडीला नव्हती. पहिली गाडी सोडली. श्पांडाउहून आडलर्सहोफला थेट लोकल आहे, पण तिलाच जवळपास तास लागतो. दारापासून दारापर्यंत आम्हाला एक तास पंचवीस मिनिटं लागली. परत येताना साडेचार वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख. नोव्हेंबरचा शेवट होता तो. बर्लिनमध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेआठ तासांचाही नसतो, आणि जूनमधला सर्वांत मोठा जवळजवळ सतरा तासांचा असतो. उन्हातलं श्पांडाउ आणि त्या संध्याकाळचं श्पांडाउ ही दोन वेगळी गावं वाटली.

आम्ही ते घर घेतलं नाही. पुढे पाच दिवस क्योपेनिकच्या बाजूला हिंडलो. श्प्रे आणि दामे या नद्या मिळतात तो भाग, ट्रामने ऑफिस जवळ. आज तिथेच राहतो. श्पांडाउ वाईट मुळीच नाही. ऑफिस पश्चिमेला असतं तर कदाचित तेच घेतलं असतं. पण रविवारच्या चार तासांनी जे सांगितलं नाही, ते मंगळवारच्या दीड तासाने सांगितलं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशोब विचारला होता. दिवसभरातल्या सगळ्या कामांत सर्वांत नकोसा निघाला तो सकाळचा कामाला जायचा प्रवास. घराचा रंग, खिडकीतलं झाड, आसपासची दुकानं यांची सवय होते. या प्रवासाची कितपत होते याची मला शंका आहे. म्हणून तोच आधी करून बघा म्हणते.

आता गाडीबद्दल. दोन दिवसांत दहा वस्त्या होतात, हे अगदी खरं. पण त्या काचेतून होतात. आणि याहून मोठा मुद्दा असा, की तुम्ही राहायला याल तेव्हा तुमच्याकडे ती गाडी असणार आहे का? पर्यटक म्हणून भारतातल्या परवान्यावर, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत भाषांतर ठेवून, जर्मनीत गाडी चालवता येते. राहायला आल्यावर मात्र तो परवाना फक्त सहा महिने चालतो. नंतर जर्मन परवाना काढायचा, आणि भारतातल्या परवानाधारकाला त्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. बऱ्याच कुटुंबांचं पहिलं वर्ष त्यामुळे गाडीशिवायच जातं. जी वस्ती गाडीतून बघून आवडली, तिथे गाडीशिवाय वर्ष काढायचंय. तिथलं जवळचं स्टेशन किती मिनिटांवर आहे, वाटेत चढ आहे का, रात्री बस दर किती मिनिटांनी आहे, हे गाडीत बसून कसं कळणार? शिवाय रिंगबानच्या आतल्या भागात हिरवं पर्यावरण स्टिकर लावलेल्या गाडीलाच प्रवेश आहे आणि पार्किंग शोधण्यात जो वेळ जातो, तो तुमच्या दहा वस्त्यांच्या हिशोबात धरलेला नाही.

सासूबाईंना घेऊन दिवसभर ट्रामने फिरणं अवघड, हे मात्र मान्य. तिथे मी अडून बसणार नाही. त्यांना ज्या दिवशी सोबत न्यायचंय त्या दिवशी टॅक्सी करा, किंवा एक दिवस गाडी घ्या आणि शहराबाहेरच्या सी झोनमधली गावं त्याच दिवशी उरका, कारण तिकडे बस क्वचित असते. बाकीच्या दिवशी त्यांना अपार्टमेंटवर आरामात राहू द्या. खरं तर त्यांचा दिवस हीसुद्धा पाहणीच आहे. त्या उद्या तुमच्याकडे तीन-तीन महिने येऊन राहणार असतील, तर दिवसभर एकट्या असताना त्यांना जिना उतरून बागेपर्यंत जाता येतं का, हे आत्ताच कळलेलं बरं.

मुक्काम सारखा बदलण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला पूर्ण पटलं. मी तीन भागांत तीन मुक्काम सुचवले होते. ते नऊ दिवसांत जास्त होतात. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की नव्या जागेत पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहाऱ्यावर असतो. तीन मुक्काम म्हणजे अशा तीन रात्री, वर वेळेच्या फरकाने झालेली झोपमोड. अशा डोळ्यांनी कुठलीच वस्ती चांगली दिसत नाही. म्हणून आता म्हणेन, पहिल्या एक-दोन रात्री हॉटेल आणि मग उरलेले सगळे दिवस एकाच अपार्टमेंटमध्ये. बाकीच्या वस्त्या तिथूनच बघायच्या.

ते अपार्टमेंट निवडताना एक गोष्ट बघा, जी मी आधीच्या लेखात सांगितलीच नव्हती. जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. ही नोंदणी अडली की पुढची कितीतरी कामं अडतात. पर्यटक म्हणून आलेल्याला तिची गरज नाही. पण पहिला महिना-दीड महिना बहुतेकांना तात्पुरत्या फर्निश्ड घरातच काढावा लागतो आणि अशा सगळ्याच घरांचे मालक ते पत्र देत नाहीत. तेव्हा रेकीला असं अपार्टमेंट घ्या, जिथे पुढे पहिला महिना काढता येईल. आणि तिथे असतानाच मालकाला स्पष्ट विचारा, की आम्ही मार्चमध्ये राहायला आलो तर आन्मेल्डुंगसाठी पत्र द्याल का? हो म्हणाला तर ईमेलवर लिहून घ्या. ज्या मालकाने तुमचा फोन उचलला नाही, त्याच्याकडे पहिला महिना काढायचा नाही हे तुम्हाला आत्ताच कळलं. फार महागात कळलं, पण कळलं.

अपार्टमेंटमध्ये राहिल्याने आणखी काय कळतं? आमच्या मुलीचं दूध शनिवारी रात्री संपलं. रविवारी उठून बघतो तर आसपासचं एकूण एक दुकान बंद. ते रविवारी बंदच असतात, मुख्य स्टेशनांतली काही सोडून. नवरा ट्रेनने जाऊन दूध घेऊन आला, पाऊण तास गेला. हॉटेलात सकाळी नाश्त्याच्या टेबलावर दूध असतं, त्यामुळे रविवार हा दिवसच मुळी कळत नाही. दुसरं, दाराच्या घंटीच्या पाट्या. तिथे फ्लॅटला सहसा नंबर नसतो. घंटीवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं. आडनाव नसेल तर टपाल परत जातं. संध्याकाळी फेरफटका मारताना मी त्या पाट्या वाचत असे. कुठल्या वस्तीत कुठकुठल्या देशांतली आडनावं एका दारावर नांदतात, ते त्यावरून दिसायचं. क्योपेनिकमध्ये एका दारावर देवनागरीत लिहिलेली छोटी चिठ्ठी चिकटवलेली दिसली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पैशांचं थोडक्यात. पूर्ण रक्कम आधी भरायची आणि परत मिळायची नाही, असं बुकिंग व्हिसा हातात येईपर्यंत करू नका. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतोच, पण रद्द करता येणारं बुकिंगही चालतं. मुक्काम दोन ठिकाणी असेल तर दोन्हींचे कागद जोडा. प्रवासासाठी डॉइचलांडटिकेट घ्यायचं मनात असेल तर सावध राहा. ते मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना आहे. शहरातल्या सगळ्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि देशभरच्या प्रादेशिक गाड्या त्यात येतात. मात्र ती मासिक वर्गणी आहे आणि त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. नऊ दिवसांची फेरी महिनाअखेरीला लागून दोन महिन्यांत पडत असेल, तर साधी दिवसाची किंवा आठवड्याची तिकिटं काढलेली बरी. तुमच्या मुलाचं तिकीट विसरू नका. सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलं फुकट, त्यानंतर सवलतीचं तिकीट.

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत यजमान एकटेच पुन्हा चार दिवस जाणार आहेत. तेवढ्या दिवसांत नवी वस्ती शोधायला लावू नका. पहिल्या फेरीतल्या चारांपैकी ज्या दोन मनात राहिल्यात, त्या दोन्हींतून सकाळी साडेसात ते नऊच्या वेळात ऑफिसपर्यंत एकदा जाऊन यायला सांगा, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. वाटेत दिसेल ते पाळणाघर, शाळा, दवाखाना, सगळ्यांचे फोटो काढायला सांगा. ऑफिस कुठल्या स्टेशनजवळ आहे आणि त्या दोन वस्त्या कुठल्या, हे मला कळवलंत तर त्या मार्गांवर गाड्या कुठे बदलाव्या लागतात आणि कुठल्या स्टेशनला लिफ्ट आहे, ते मी इथून बघून येत्या शनिवारपर्यंत लिहून पाठवते.